पत्र्याची पलटण

बातमी दोन ओळींची होती. कानांच्या दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर बसून ती डबा खात होती आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्याने फोन वर सरकवत होती. कुणाचं लग्न, कुणाची बढती, कुणाच्या मांजरीचं बाळंतपण, आणि त्यातच मध्ये ते चित्र आलं: गंज चढलेला, खांदे पाडून उभा असलेला उंचच उंच लोखंडी माणूस, छातीत एक खिडकी आणि खिडकीत नखाएवढा चालक. तो जुना खेळ, जो त्या काळीही फारसा कुणी खेळला नव्हता, आता हातात धरायच्या छोट्या यंत्रावर नव्याने येणार होता, वर्षाच्या अखेरीला. तिचा घास तोंडात तसाच राहिला. आत काहीतरी हललं, आणि तो निव्वळ आनंदच होता असं तिला खात्रीने सांगता आलं नसतं. डब्याचं झाकण लावायच्या आधी तिने वडिलांना फोन लावला.

"नाना, पलटण परत येतेय," ती म्हणाली.

पलीकडून नानांचा मोठा आवाज आला. सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या छापखान्यात, त्या धडधडणाऱ्या यंत्राला चिकटून काढलेला माणूस हळू बोलणार तरी कसा. "हो हो. मी जेवलो. तू जेवलीस का?"

"पलटण, नाना. आपली पलटण."

"बरं बरं. रविवारी ये."

फोन बंद झाला. ती उगीचच थोडा वेळ तो कानाला लावून बसली. तिला राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी दुखलं. विसरले, तिच्या मनात आलं. एवढं सगळं विसरले. दुसरं काही असू शकेल असं तिच्या डोक्यातही आलं नाही, आणि सकाळपासून सहा अनोळखी माणसांचे कान तपासून ती त्या जिन्यावर येऊन बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घंटा झाली तशी ती उठली आणि सातव्या माणसाला आत घेतलं.

खेळाचं खरं नाव लांबलचक आणि परक्या भाषेतलं होतं; घरात ते कुणालाच धड म्हणता येत नसे. आई म्हणायची, "तुमची ती पत्र्याची पलटण." तेच नाव पडलं. नानांनी त्या खेळाची कॅसेट छापखान्यातल्या एका सोबत्याकडून जुनी म्हणून आणली होती, आणि जुनी म्हणजे इतकी की आत खेळ जपून ठेवणारा जो इवलासा सेल असतो तो केव्हाच मेलेला होता. म्हणजे टीव्हीला जोडलेलं खेळाचं यंत्र बंद केलं की सगळी पलटण पुसली जायची. एवढ्यावर कुणीही नाद सोडला असता. नानांनी सोडला नाही. त्यांनी यंत्र बंदच करायचं नाही असं ठरवलं. ते रात्रपाळीहून पहाटे यायचे, बूट काढायच्याही आधी टीव्हीसमोर उकिडवे बसून आपला एक डाव खेळायचे, मग टीव्हीवर टेबलाचं कापड घालून झोपायला जायचे. ती शाळेतून आली की कापड उचलून आपला डाव खेळायची. खाली ते यंत्र दिवसरात्र चालू, हात लावावा तर अंगात कणकण असलेल्या माणसासारखं कोमट. आई त्याच्या भोवतीने केर काढायची आणि म्हणायची, माणसांना एवढं जपलं असतं तर या घराचं सोनं झालं असतं. पण तारेला धक्का लागणार नाही अशा बेताने केर काढायची तीच.

पलटणीत सहा लोखंडी माणसं होती आणि त्यांना हुकूम देणारी एक गाडी. आखलेल्या चौकोनांवर त्यांना एकेक करून हलवायचं, शत्रूची चाल बघायची, पुन्हा हलवायचं. घाई नावाला नव्हती. एखादा डाव तासभर नुसता बघत बसलं तरी चालायचं. त्या खेळातली खरी मेख निराळीच होती. गाडीचा हुकूम काही चौकोनांपर्यंतच पोचायचा. एखादा गडी त्या आवाक्याच्या बाहेर गेला की त्याला नवं काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग तो शेवटचा मिळालेला हुकूम पुन्हा पुन्हा पाळत राहायचा. चाल म्हटलं असेल तर चालत राहायचा, नदी आली तरी. मार म्हटलं असेल तर रिकाम्या जागेवर मारत राहायचा, दारूगोळा संपेपर्यंत. त्याला परत आणायचा एकच मार्ग होता: दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या शेजारी नेऊन उभं करायचं. शेजारच्याकडून निरोप पोचला की तीन सुरांचा एक लहानसा आवाज व्हायचा, दोन वर चढणारे आणि एक खाली येऊन टेकणारा, आणि त्या गड्याच्या खिडकीत दिवा लागायचा. सहांना त्यांनी नावं दिली होती: सगळ्यात उंच तो थोरला, पाय ओढत चालणारी ती लंगडी, आणि ज्याची कानयंत्रणा सगळ्यात कच्ची तो घुम्या. ती रोज कापड उचलायची तेव्हा घुम्या, किंवा घुम्या नाही तर दुसरा कुणीतरी, आवाक्याच्या बरोब्बर एक चौकोन बाहेर असायचा. रोज. चौदाव्या वर्षी माणसाला बापाची किंमत करायची फार हौस असते. तिने निकाल लावून टाकला होता की नानांना हा खेळ जमत नाही. ती आईजवळ तक्रार करायची, नानांना सांग नीट बघून खेळा म्हणून. आई म्हणायची, सांगते. मग ती दात-ओठ खात कुणाला तरी घुम्याशेजारी नेऊन उभं करायची, तो तीन सुरांचा आवाज व्हायचा, आणि आतल्या खोलीत, पडदे ओढून दिवसा झोपलेले नाना झोपेतूनच ओरडायचे, "आला का घुम्या?" ती इकडून ओरडायची, "आला." घरातलं बापलेकीचं बोलणं म्हणाल तर बहुतेक तेवढंच होतं, आणि त्यात काही कमी आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

शेवटच्या लढाईच्या तोंडावर, एका साध्यासुध्या दुपारी, वीज गेली. तिच्यासमोरच पडदा काळा झाला आणि खाली यंत्र हळूहळू थंड पडलं. नाना उठून आले, बघितलं, आणि म्हणाले, असू दे. आपण पुन्हा सुरू करू असं ते म्हणतील म्हणून ती वाट बघत राहिली. कदाचित तेही तीच वाट बघत असतील. पुढे ती शिकायला दुसऱ्या गावी गेली, टीव्हीवरचं कापड पुन्हा टेबलावर गेलं, आणि एवढं मोठं आयुष्य मध्ये निघून गेलं.

बातमी आल्यापासून मात्र तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बसमध्ये, लिफ्टमध्ये, भाजी निवडताना ती त्या खेळाविषयी जे काही कुठे छापून येईल ते वाचत असायची. जगात तो खेळ आठवणारी मूठभर माणसं होती आणि ती सगळी एका ठिकाणी जमून भांडत होती. रंग जुनेच हवेत का. तीन सुरांचा आवाज तोच ठेवणार का. सगळ्यात मोठं भांडण एका नव्या बटणावरून होतं: या वेळी चुकलेली चाल मागे घेता येणार होती. एका दाबासरशी मागचं सगळं पुसून पुन्हा. निम्मे म्हणत होते बरं झालं, निम्मे म्हणत होते खेळाचा जीवच गेला. तिने कुणाच्याच बाजूने लिहिलं नाही. यंत्र नोंदवताना ती एक की दोन यावर अडली. दोन घेतली तर एक नानांकडे राहील, एक आपल्याकडे, दोघं आपापल्या घरी आपापली पलटण चालवतील. तिने एकच नोंदवलं. नवरा म्हणाला, लग्नाची तारीखसुद्धा इतक्या वेळा विचारली नव्हतीस. तीही हसली. नवरा बिचारा सरळ माणूस होता. बायको खेळाची वाट बघतेय असंच त्याला वाटत होतं, आणि तेव्हा तिलाही तसंच वाटत होतं.

मग नानांच्या तपासणीचा दिवस आला. वर्षातून एकदा ती त्यांना दवाखान्यात बोलवायची. छापखान्यातल्या माणसांचे कान जातात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. काम साधं असतं. आवाज शिरणार नाही अशा एका छोट्या खोलीत माणूस कानांवर हेडफोन लावून, हातात एक बटण घेऊन बसतो. मध्ये काच. काचेच्या अलीकडे ती आपल्या यंत्राशी. ती कधी मोठा, कधी बारीक, कधी जाड, कधी पातळ आवाज सोडते; ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, तिच्यासमोर दिवा लागतो. माणसाला नेहमी पाठमोरं किंवा बाजूला तोंड करून बसवायचं असतं, म्हणजे त्याला तपासणाऱ्याचा हात दिसत नाही. हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. पण नाना पहिल्यांदा आले तेव्हा त्या खोलीत त्यांचा जीव घाबरा झाला होता. भिंतीकडे तोंड करून बसायला मी काय शिक्षा झालेला पोर आहे का, म्हणाले होते. तिने हसून खुर्ची काचेकडे वळवली होती. नियम नियमाच्या जागी, बाप बापाच्या जागी. तेव्हापासून खुर्ची तशीच, आणि दर वर्षी नानांचे कान वयाच्या मानाने ठणठणीत. मोठे डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, यांनी छापखान्यात काम केलं की वाचनालयात.

त्या दिवशी तिचं लक्ष कामात नव्हतं. सकाळीच कुठेतरी वाचलं होतं की तीन सुरांचा आवाज जुनाच ठेवणार आहेत, आणि तो तिच्या डोक्यात घोळत होता. दोन आवाजांच्या मध्ये तिने चष्मा सारखा करायला हात उचलला, पुन्हा खाली यंत्रावर ठेवला. आवाज सोडला नव्हता. दिवा लागला. असं होतं कधीकधी, माणसं अंदाजाने दाबतात. तिने थोडं थांबून खांदा किंचित पुढे केला, बोट बटणाच्या वर नेलं आणि न दाबता तसंच ठेवलं. दिवा लागला. मग तिने उजवा हात टेबलावर अगदी स्थिर ठेवला, डावा हात आडून नेला, आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही त्या हेडफोनमधून सहज ऐकू आला असता एवढा आवाज सोडला. दिवा लागला नाही. आणखी मोठा. नाही. त्याहून मोठा. काचेपलीकडे नाना शांत बसले होते, मान जराशी पुढे, नजर तिच्या उजव्या खांद्यावर. ती नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती. शत्रूची चाल चालू असताना ते टीव्हीकडे अशीच नजर लावून बसायचे, आणि म्हणायचे, याची एक लकब आहे, ती सापडली की झालं. मुलगी आपल्याकडे बघतेय असं दिसल्यावर ते थोडे हसले आणि अंगठा वर करून दाखवला.

तिने पुढची तपासणी खांदा हलवून पूर्ण केली. दुसरं काही तिच्याच्याने झालं नाही. प्रत्येक आवाजाला खांदा, प्रत्येक खांद्याला दिवा. बाहेर आल्यावर नानांनी विचारलं, बरं आलं ना. ती म्हणाली, छान. ते खूश झाले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यांनी तिला चहा पाजला, समोरासमोर बसून, तिच्या तोंडाकडे एकटक बघत. छापखान्यातली माणसं गोंगाटात एकमेकांचे ओठ वाचतात हे तिने लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. घरी येऊन नाना त्याची गंमत करून दाखवायचे: आई स्वयंपाकघरात पुटपुटायची ते ते काचेआडून सांगायचे. आता ते ओठ वाचत होते म्हणून समोर बसून सगळं ठीक चाललं होतं, आणि फोनवर ओठ नव्हते, नुसतं पडद्यावर उजळणारं तिचं नाव होतं.

त्यानंतरचे कितीतरी दिवस तिला नानांचे जुने फोन आठवत राहिले. ती सांगायची, नाना, माझी बदली होणार होती, टळली. हो हो, मी जेवलो, तू जेवलीस का. नाना, ताप आहे दोन दिवस. हो हो, बरं बरं, रविवारी ये. प्रत्येक फोनवर तेच, त्याच क्रमाने, आणि ती प्रत्येक वेळी मनाशी म्हणायची, म्हातारपण. मग एकदा भांडी विसळता विसळता तिचा हात थांबला. आईच्या शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यातल्या खाटेवर, आई नानांना म्हणाली होती, आणि ती पायथ्याशी उभी होती: पोरीचा फोन आला की जेवलीस का तेवढं विचारत जा, रविवारी बोलवत जा, बाकी तिचं ती बघेल. नानांना मिळालेला तो शेवटचा हुकूम होता. आवाक्याबाहेर गेल्यावरही ते तो पाळत होते, वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकता. आई होती तोवर दोघांच्या मध्ये तीच उभी असायची आणि इकडचं तिकडे पोचवायची. ती गेली आणि तिच्या जागी कुणी उभं राहिलं नाही. नळ तसाच चालू ठेवून ती स्वयंपाकघरात रडली.

सांगायला हवं होतं. लोकांच्या बापांना ती हे रोज सांगत होती, तेही किती सहज: आजोबा, कान थोडे थकलेत, मशीन लावू, नातवंडं काय बोलतात ते तरी कळेल. नानांना सांगायचं म्हणजे मात्र आधी हे सांगावं लागणार होतं की तुमची लबाडी मला कळली. त्या काचेपलीकडच्या हसण्याचं मग काय करायचं? नानांनी आयुष्यात मुलीसमोर एकच गोष्ट मिरवली होती, ती म्हणजे हे ठणठणीत असणं. तिने ठरवलं की पलटण येईल तेव्हा सांगू. इवलंसं यंत्र, दोघं खांद्याला खांदा लावून बसू, मान खाली असेल, कुणी कुणाकडे बघत नसेल. तेव्हा जमेल. त्या दिवसापासून ती खेळाची नाही, त्या बसण्याची वाट बघू लागली, आणि तारखेवर इतकं ओझं पडलं की कॅलेंडरकडे बघितलं तरी तिला धाप लागल्यासारखं व्हायचं.

आणि तारीख पुढे गेली. खेळ करणाऱ्यांनी दिलगिरीच्या चार ओळी लिहिल्या होत्या. काम राहिलंय, अजून थोडी कळ काढा. त्या मूठभर माणसांनी नेहमीसारखं भांडण केलं आणि पुन्हा वाट बघायला लागली. ती मात्र नवऱ्यावर, तिन्हीत्रिकाळ गरीब अशा त्या माणसावर, खेकसली आणि दार लावून बसली. तो दाराबाहेरून म्हणाला, अगं, खेळच तो. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही, खेळ नाही. पण मग काय, ते तिला सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास नानांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीणबाईंचा फोन आला. घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगून त्यांनी सुरुवात केली, म्हणजे घाबरण्यासारखं होतं. नानांच्या न्हाणीघरातला नळ चालू राहिला होता. पाणी दाराखालून जिन्यात आलं, मग बाईंच्या छताला ओल धरली, शिवायला आलेल्या कपड्यांवर थेंब पडले. सगळ्यांनी मिळून दार ठोठावलं, घंटी वाजवली, कुणीतरी पाट आपटला. बऱ्याच वेळाने नाना सहज कशाला तरी बाहेर यायला म्हणून दार उघडतात, तर समोर अख्खी इमारत. "आणि म्हणतात कसे," बाई म्हणाल्या, "हो हो, या या, जेवलात का? आम्ही हसलो सगळे. मग घरी गेल्यावर मला काही बरं वाटलं नाही, म्हणून तुला फोन केला."

ती गेली तेव्हा नाना गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. तिला बघून म्हणाले, वायसर गेला होता नळाचा, बदलला. ती म्हणाली, बरं केलंत. ते पुन्हा बादलीकडे वळले आणि फडकं पिळू लागले. म्हातारी पाठ, बनियनला मागे एक भोक, मानेवरचे पांढरे केस वाढलेले. ती त्या पाठीमागे उभी होती, हात लांबवला असता तर लागला असता. ती साध्या आवाजात म्हणाली, "नाना." फडकं पिळणं चालू राहिलं. "नाना, मला माहीत आहे." बादलीत पाणी पडलं. मग तिला थांबवेना, आणि त्या पाठीला तिने सगळं सांगितलं: काच, खांदा, फोन, आईची खाट. मला भीती वाटते, म्हणाली. तुम्ही असेच चालत चालत एखाद्या नदीत जाल आणि मी इकडून हाका मारत राहीन. बोलून झालं तेव्हा तिला हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पाठीशी बोलणं म्हणजे न बोलणंच. नाना उठले, वळले, आणि तिचा चेहरा बघून म्हणाले, "काय गं, जेवली नाहीस का?"

पलटण शेवटी आली ती हिवाळा सरता सरता. खोकं दवाखान्याच्या पत्त्यावर आलं होतं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते पर्समध्ये घालून सरळ नानांकडे गेली. या वेळी फोन केला नाही. आपल्या किल्लीने दार उघडलं, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांनी पेपरातून डोकं वर काढेपर्यंत थांबली, आणि ते यंत्र त्यांच्या हातात ठेवलं. नानांनी ते उलटसुलट करून बघितलं. पडदा उजळला, गंजलेला लोखंडी माणूस खांदे पाडून उभा राहिला. नाना म्हणाले, "एवढीशी झाली?" आणि चष्मा आणायला उठले, ते नेहमीपेक्षा लगबगीने.

दोघं खाटेवर बसली. पडदा इतका लहान की डोकी जवळ आणावीच लागत होती. नानांच्या अंगाला दाढीच्या साबणाचा तोच जुना वास होता. खालून शिंपीणबाईंच्या यंत्राची घरघर येत होती. तिने आवाजाचं बटण चाचपलं. तो शेवटच्या टोकापर्यंत चढवून तिने मान खाली घातली. पहिला डाव नानांचा. बोटं काही विसरली नव्हती. थोरल्याला टेकडीवर, लंगडीला झाडीत, गाडी मध्ये. मग त्यांनी घुम्याला उचललं, पुढे नेलं, आणखी पुढे नेलं, आणि आवाक्याच्या बरोब्बर एक चौकोन बाहेर ठेवून हात काढून घेतला. घुम्याची खिडकी अंधारली. तिने न राहवून त्यांच्या हाताला स्पर्श केला, त्यांनी वर बघितल्यावर कोपऱ्यातलं नवं बटण दाखवलं, आणि तोंड नीट उघडून सांगितलं की आता चूक मागे घेता येते. नानांनी बटणाकडे बघितलं, मग तिच्याकडे, जणू तिने काहीतरी अडाणीपणाचं विचारलं होतं.

"चूक कसली?" ते म्हणाले. "मी पहाटे सगळं नीट लावून झोपलो असतो, तर तू शाळेतून येऊन खेळली काय असतीस?"

नानांना खेळ जमत नाही असं ती ज्या ज्या दिवशी म्हणाली होती ते सगळे दिवस तिच्यासमोरून गेले, आणि प्रत्येक दिवशी कापडाखाली कुणीतरी एक चौकोन बाहेर तिची वाट बघत उभा होता. डोळे पुसायचे तर हात रिकामे हवेत, म्हणून तिने ते न पुसताच यंत्र घेतलं. लंगडीला झाडीतून काढलं, उघड्या मैदानावरून नेलं, आणि घुम्याच्या शेजारी उभं केलं.

तीन सूर वाजले. दोन वर चढणारे, एक खाली येऊन टेकणारा. लहान खोलीत तो आवाज इतका मोठा झाला की खालचं शिवणयंत्र थांबलं. घुम्याच्या खिडकीत दिवा लागला. नाना दिव्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्याकडे किंवा हाताकडे न बघता सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. कितीतरी वर्षांत ऐकू आल्याचं सोंग त्यांनी केलं नाही असा हा पहिला क्षण होता.

"वाजलं का?" त्यांनी विचारलं.

"वाजलं," ती म्हणाली.

नानांनी मान हलवली. खाली शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं, पण ते तिला एकटीलाच ऐकू येत होतं, आणि ते दोघांनाही आता माहीत होतं. त्यांनी तिच्या हातातून यंत्र घेतलं, चष्मा नाकावर वर सारला, आणि पडद्याकडे बघत, आपल्या मोठ्या आवाजात म्हणाले,

"पुढच्या तपासणीला त्या काचेवर पडदा लाव."